हाताने घडवलेला माउथपीस घेताना नेमकं काय बघायचं

विचारणारे बडोद्याच्या दांडिया बाजारातले आहेत. लग्नसराईत बँडबरोबर आणि एरवी एका ऑर्केस्ट्रात ट्रम्पेट वाजवतात. वाद्य मेरठचं. माउथपीस, म्हणजे वाद्याचा ओठाला लावायचा धातूचा तुकडा, वाद्याबरोबरच आलेला, त्यावर 7सी कोरलेलं. तक्रार अशी की वरातीत तासभर वाजवलं की वरचा ओठ बधिर होतो, आतून वळ उठतो आणि वरचा जी हा सूर लागेनासा होतो. म्हणून आता हाताने घडवलेला माउथपीस घ्यायचा आहे. समोर तीन पर्याय आहेत: एका परदेशी कारागिराचा महागडा माउथपीस, मेरठला ऑर्डर देऊन करून घेणं, किंवा मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या ओळखीच्या लेथवाल्याकडून बनवून घेणं. यातला कोणता घ्यावा, असा प्रश्न.

आत्ता यातला एकही घेऊ नका. आधी महिनाभर ओळखीच्या वाजवणाऱ्यांकडून दोन-तीन वेगळ्या मापांचे कारखानी माउथपीस उसने घ्या आणि तुमच्या ओठाला नेमकं काय हवंय ते आकड्यांत कळू द्या. ते कळलं की मकरपुऱ्यात करून घ्या, मेरठला करून घ्या, दोन्ही चालेल. परदेशी कारागिराचा नाद तूर्तास सोडा. हाताने घडवणारा माणूस तुम्ही सांगाल ते करून देतो. पण सांगायचं काय हेच माहीत नसेल तर तो त्याच्या मनातला माउथपीस करून देणार, आणि मग कारखान्याच्या मालात नि त्यात फरक एवढाच की हा बदलून मिळत नाही.

तुमच्या तक्रारीकडे आधी येतो, कारण निम्मी गोष्ट माउथपीसची नसावी असा माझा अंदाज आहे. ओठाच्या बाहेर गोल खूण उमटते ती सगळ्यांनाच उमटते, तिची काळजी नको. वळ आतून उठतो म्हणजे ओठ दातावर दाबला जातोय. वरातीत चालता चालता वाजवायचं, शेजारी ढोल, मागे डीजे, स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही, मग माणूस नकळत वाद्य तोंडावर ओढत जातो. उजव्या हाताची करंगळी वाद्यावरच्या हुकात अडकवलेली असेल तर हे ओढणं दुप्पट होतं. उद्यापासून करंगळी हुकाबाहेर, नुसती वर टेकवून ठेवा. पान उलटताना किंवा एका हाताने वाद्य धरायचं असेल तेव्हापुरता हुक. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी पहिलं हेच सांगतो आणि सगळ्यात जास्त विसरलं जातं तेही हेच. वरच्या पुढच्या दाताची कड तिरकी किंवा टोकदार असेल तर दातांच्या डॉक्टरांना एकदा दाखवा. तिथलं पाच मिनिटांचं काम असेल तर त्यासाठी माउथपीस बदलण्यात अर्थ नाही.

दुसरं, वाद्य हवा धरतंय का ते बघा. पहिल्या व्हॉल्व्हची, म्हणजे बोटाने दाबायच्या पहिल्या कळीची, स्लाइड (आतबाहेर सरकणारी नळी) व्हॉल्व्ह न दाबता थोडी बाहेर ओढा, चार-पाच सेकंद थांबा, मग व्हॉल्व्ह दाबा. 'फट्' असा आवाज आला तर ठीक. काहीच आलं नाही तर व्हॉल्व्ह झिजलेत, हवा गळतेय. अशा वाद्यावर वरचे सूर कुठल्याच माउथपीसने सुटे लागणार नाहीत.

हे दोन्ही तपासूनही त्रास उरला, तर मग माउथपीस.

आता आकडे. 7सी ही खूण व्हिन्सेंट बाख यांच्या पद्धतीतली. हे मूळचे ऑस्ट्रियाचे ट्रम्पेटवादक, इंजिनिअरिंग शिकलेले. 1918 मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांनी माउथपीस करायला सुरुवात केली. त्यांच्या पद्धतीत आकडा जितका मोठा तितकं माउथपीसचं तोंड, म्हणजे ओठ टेकतो त्या वाटीचा (कपाचा) आतला व्यास, लहान: 10½सी साधारण 15.90 मिलिमीटर, 7सी 16.20, 3सी 16.30, 1½सी 17.00. पुढचं अक्षर कपाच्या खोलीचं. ए सगळ्यात खोल, पुढे उथळ होत जातं, सी मधलं. यामाहाची पद्धत नेमकी उलटी, तिथे आकडा वाढला की तोंड मोठं होतं. त्यामुळे "मला 11 नंबरचा द्या" असं म्हणणाऱ्याला दोन दुकानांत दोन वेगळ्या मापांचे माउथपीस मिळतात. त्यात मेरठच्या वाद्याबरोबर येणाऱ्या साध्या माउथपीसवर 7सी कोरलेलं असतं म्हणून तो 16.20 असेलच असं नाही. मी व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) लावून बघतो तेव्हा मापं बऱ्याचदा इकडेतिकडे निघतात. शिवाय कपाची आतली बाजू उतरती असते, म्हणून व्यास कडेपासून किती खाली मोजला यावर आकडा बदलतो. दोन कारागिरांचे 16.50 ओठाला दोन वेगळे लागतात ते यामुळे. कारागिराला आकडा विचाराल तेव्हा "किती खोलीवर मोजता?" हेही विचारा. याचं उत्तर ज्याला पटकन देता येत नाही त्याच्याकडे काम देऊ नये, असं माझं मत.

तुमच्यासारख्या तक्रारीत खरा प्रश्न असतो रिमचा, म्हणजे ओठाला टेकणाऱ्या कडेचा. आतली धार तीक्ष्ण असली की सूर टिचकीसारखा सुटतो, स्वच्छ लागतो, पण तासाभरात ओठ कापल्यासारखा होतो. धार गोल केली की आराम मिळतो, सुराची सुरुवात मात्र थोडी सैल पडते. रिम रुंद असली तर दाब पसरतो, दम टिकतो, पण खालून वर उड्या मारताना ओठ अडकल्यासारखा वाटतो. सपाट रिमवर ओठ एका जागी घट्ट बसतो, गोलाकार रिमवर हलता राहतो. तुम्ही वाजवता ती गाणी बहुतेक एका सप्तकाच्या आसपास फिरणारी, तिथे उड्या कमी आणि दम जास्त लागतो. म्हणून थोडी रुंद, आतून जराशी गोलावलेली रिम आणि 16.40 ते 16.50 व्यास, इथून सुरुवात करा. खोली सीच्या आसपासच ठेवा. वरचे सूर हवेत म्हणून उथळ कप घेणारे खूप भेटतात. उथळ कपाने आवाज चमकतो, वरच्या जागा थोड्या सोप्या वाटतात हे खरं, पण आधीच दाबून वाजवणाऱ्याचा ओठ उथळ कपात तळाला टेकतो आणि आवाजच बंद पडतो. वरातीच्या दीड तासात हे कधी होईल ते सांगता येत नाही, आणि नेमकं मांडवाच्या दारात झालं तर बघायलाच नको.

कपाच्या तळाचं भोक, ज्याला थ्रोट म्हणतात, ते 27 नंबरच्या ड्रिलचं, म्हणजे 3.66 मिलिमीटरचं असतं. हे बाखचं नेहमीचं माप. बरेच लोक लेथवाल्याकडे जाऊन "थोडं मोठं कर, आवाज खुलेल" असं सांगतात. 24 नंबरचं ड्रिल 3.86 मिलिमीटरचं. फरक दिसायला 0.2 मिलिमीटर, पण भोकाचं क्षेत्रफळ अकरा टक्क्यांनी वाढतं. तेवढी फुंक दीड तास पुरवणारा माणूस हवा. ऑर्केस्ट्रात बसून वाजवणाऱ्याला मोठा थ्रोट मानवतो, चालत वाजवणाऱ्याला क्वचित. आणि एकदा मोठं केलेलं भोक लहान होत नाही. तुम्ही 27 नंबरवरच राहा.

आता ज्या भागाकडे कोणी बघत नाही त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो: शँक, म्हणजे वाद्याच्या नळीत जाणारी माउथपीसची दांडी. ती निमुळती असते, उतार साधारण 1:20, म्हणजे वीस मिलिमीटर लांबीत एक मिलिमीटर व्यास कमी होतो. हा उतार आणि वाद्याच्या रिसीव्हरचा, म्हणजे दांडी ज्यात बसते त्या नळीच्या तोंडाचा, उतार जुळला पाहिजे. तपासायची रीत सोपी आहे. माउथपीस हलक्या हाताने रिसीव्हरमध्ये बसवा, फिरवू नका, दाबू नका. आता कपाकडचं टोक बोटांनी आडवं हलवून बघा. किंचितही डुगडुगलं तर उतार जुळलेला नाही, फक्त तोंडाशी किंवा फक्त टोकाशी पकड आहे. नीट बसला असेल तर रिसीव्हरच्या कडेला पेन्सिलने दांडीवर रेघ मारा, माउथपीस काढा आणि रेघेपासून टोकापर्यंत मोजा. साधारण 22 ते 25 मिलिमीटर आत जायला हवा. आत गेलेल्या टोकाच्या आणि पुढे सुरू होणाऱ्या नळीच्या मध्ये थोडी फट राहते, ती बऱ्याच वाद्यांत तीन मिलिमीटरच्या आसपास असते. ही फट कमी-जास्त झाली की वरच्या सुरांची जागा हलते, काही सूर घट्ट लागतात, काही घसरतात.

मेरठच्या वाद्यांत ही गंमत जास्त दिसते. जाळी कोठीच्या भागात शंभरहून जास्त वर्षं बँडची वाद्यं बनतात, नादिर अली अँड कंपनी 1885 पासूनची. हाताचं काम, त्यामुळे एका वाद्याचा रिसीव्हर दुसऱ्यासारखा असेलच असं नाही. म्हणून परदेशी कारागिराचा माउथपीस कितीही अचूक असला तरी तो ज्या रिसीव्हरसाठी घडवलेला आहे तो तुमच्याकडे नाही. हजारो रुपये टाकून आणलेला माउथपीस तुमच्या वाद्यात दोन मिलिमीटर बाहेर राहिला तर पैसे पाण्यात. मकरपुऱ्यातला लेथवाला इथे कामाचा ठरतो, कारण वाद्यच त्याच्या टेबलावर नेऊन ठेवता येतं. उताराचं गणित त्याला सांगा: व्यासात 0.05 मिलिमीटर घासलं की माउथपीस एक मिलिमीटर आत जातो. हेच उलट करून घरी तपासता येतं. पातळ बटर पेपरची पट्टी दांडीभोवती एकदाच गुंडाळून माउथपीस बसवा, तो थोडा बाहेर राहील. अशा स्थितीत वाजवून बघा. वरचे सूर सुधारले तर फट वाढवायला हवी, बिघडले तर कमी करायला हवी. साधा वहीचा कागद घेतलात तर तीन-चार मिलिमीटर बाहेर येईल, ते जास्त होतं.

बडोद्यात आणखी एक भानगड आहे. सयाजीरावांच्या काळात इथे पाश्चात्त्य पद्धतीचा सरकारी बँड होता, कमाटीबागेतला बँडस्टँड त्याच काळाची आठवण. त्यामुळे जुन्या घरांत, भंगारवाल्यांकडे अजूनही कॉर्नेटचे (ट्रम्पेटसारख्याच पण आखूड वाद्याचे) जुने माउथपीस निघतात, खोल, नरसाळ्यासारखे, देखणे. कॉर्नेटची दांडी आखूड आणि बारीक असते. ती ट्रम्पेटमध्ये दोरा किंवा कागद गुंडाळून बसवणारे मी पाहिलेत. आवाज मऊ येतो म्हणून खूश असतात. मऊ येतो हे खरं, पण सगळे सूर एकमेकांशी भांडत असतात. असा माउथपीस संग्रही ठेवा. वाजवायला नको.

लेथवाल्याकडे काम देताना काय सांगायचं? रॉड आयएस 319 चा, म्हणजे फ्री-कटिंग पितळेचा चालेल, त्यांच्याकडे तोच असतो. यात दोन-तीन टक्के शिसं असतं, त्यामुळे काम सोपं होतं, आणि त्याच कारणाने कच्चं पितळ रोज ओठाला लावू नये. मुलामा हवाच. नमुना म्हणून तुम्हाला सूट झालेला उसना माउथपीस द्या. बाहेरची मापं व्हर्नियरने निघतात, पण आतल्या कपाचा आकार व्हर्नियरने निघत नाही. डेंटिस्ट दातांचा साचा घ्यायला वापरतात ती पुटी कपात भरून काढली की छान ठसा मिळतो, आणि जीआयडीसीतल्या बऱ्याच टूलरूममध्ये प्रोफाइल प्रोजेक्टर, म्हणजे वस्तूची कड पडद्यावर मोठी करून दाखवणारं यंत्र, असतो, त्यावर तो ठसा दहापट मोठा करून रेघारेघांनी काढून घेता येतो. त्यावरून कपाचं फॉर्म टूल, म्हणजे त्याच आकाराचं कापायचं हत्यार, घासायचं. अवघड भाग आहे बॅकबोअर, म्हणजे थ्रोटच्या पुढे दांडीत रुंदावत जाणारी पोकळी. तिला लांब टेपर रीमर, म्हणजे निमुळतं भोक गुळगुळीत कापणारं हत्यार, लागतो, आणि तो बाजारात तयार मिळत नाही. बहुतेक लेथवाले इथे "साहेब, ड्रिलने दोन टप्प्यात करून देतो" म्हणतात. नाही म्हणा. टप्पा राहिला की आवाज दबतो आणि वरचे सूर खाली बसतात. ज्याला रीमर घासता येतो त्याच्याकडेच जा. असा कोणी मिळाला नाही तर दुसरी युक्ती: खालचा भाग, म्हणजे कप, थ्रोट, बॅकबोअर आणि शँक, कारखान्याचा किंवा मेरठच्या चांगल्या कारागिराचा, आणि वरची फक्त रिम लेथवर आटे पाडून वेगळी. तुमची तक्रार रिमचीच असल्यामुळे मला हाच मार्ग सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. एकाच खालच्या भागावर दोन वेगळ्या रिम लावून तुलनाही करता येते, बाकी काही बदलत नाही.

माउथपीस हातात आला की उजेडाकडे धरून दांडीच्या बाजूने डोळा लावा. आतलं वर्तुळ गोल आणि मधोमध दिसलं पाहिजे. मग टूथपिक घेऊन कपातून थ्रोटमध्ये हळू सरकवा. कप आणि थ्रोट जुळतात तिथे टोक अडकलं तर तिथे टूलची कड राहिली आहे, दिसत नसली तरी. रिमवर कपड्याचा बारीक धागा ओढून फिरवा, कुठे अडकला तर बारीक बुरी, म्हणजे धातूची उरलेली खरखरीत कड, आहे. मग तळहातावर रिम हलकेच आपटा, एक 'पॉप' ऐकू येतो, त्याला स्वतःचा सूर असतो. तुमच्या जुन्या माउथपीसचा पॉप आणि याचा पॉप शेजारी शेजारी ऐका. सूर चढा असेल तर कपाची जागा कमी झालीये किंवा भोक मोठं झालंय. कारागीर "सेम टू सेम" म्हणत असला तरी इथे खरं काय ते कळतं.

मुलाम्याबद्दल थोडं. चांदी ओठाला बरी, काळी पडते पण पुसली की निघते. निकेल स्वस्त आणि चकचकीत, पण निकेलची अ‍ॅलर्जी असणारे बरेच असतात. ओठाभोवती खाज, पुरळ आलं तर पहिला संशय त्याच्यावर घ्या. मांडवीच्या आसपास देवाच्या भांड्यांना चांदीचा मुलामा देणारे आहेत, ते माउथपीसही करून देतात. त्यांना दोनच गोष्टी सांगा: थर पातळ ठेवा, नाहीतर रिमची धार बदलते, आणि बाथमधून, म्हणजे मुलाम्याच्या द्रावणातून, काढल्यावर दांडीच्या आतून भरपूर पाणी सोडून धुवा. चांदीच्या बाथमध्ये सायनाइड असतं, अरुंद नळीत ते साचून राहू नये. घरी आणल्यावर पुन्हा साबणाच्या कोमट पाण्यात ब्रश घालून स्वतः धुवा.

नवा माउथपीस पहिल्या दिवशी नेहमीच चांगला वाटतो. ओठाला नवी जागा मिळालेली असते, दुखऱ्या जागेवरचा दाब सरकलेला असतो, त्यामुळे वरचा जी लगेच लागतो आणि माणूस खूश होतो. आठवडाभराने तोच जी पुन्हा निसटतो. म्हणून निवाडा पंधरा दिवसांनी करा, त्यात रोज ट्यूनर (सूर चढा की उतरा ते दाखवणारं यंत्र) लावून मधल्या सीपासून वरच्या जीपर्यंत प्रत्येक सूर लांब धरा, आणि कुठला चढा, कुठला उतरा हे वहीत लिहा. जुन्या माउथपीसचंही तसंच पान करा. दोन पानं शेजारी ठेवल्यावर मला विचारायची गरज पडणार नाही. उन्हात वाद्य चढतं हे लक्षात ठेवून दोन्ही नोंदी एकाच वेळेला, शक्यतो सकाळी घ्या.

वेळेबद्दल शेवटचं. हे सगळं पावसाळ्यात उरकून घ्या. गणपतीच्या मिरवणुकांत नव्याजुन्याची अदलाबदल करत बसू नका, तेव्हा जुनाच वाजवा. नवा पक्का करायचा तर नवरात्रानंतर, देवउठी एकादशीच्या आधी. एकदा लग्नं सुरू झाली की रोज वाजवावं लागतं आणि ओठाला नवीन काही शिकायला वेळ मिळत नाही. पहिल्या दोन-चार वरातींना जुना माउथपीस खिशात असू द्या, पण दांडीला फडकं गुंडाळून. टोक ठेचलं गेलं तर तो पुन्हा नीट बसायचा नाही.